लिंकन अल्बम: पोस्टकार्डांच्या कामाची वही

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

दोन वर्षं "करू करू" चाललंय म्हणून आज वहीच घातली, तारीख टाकून लिहिलं की निदान लाज तरी वाटते. काम असं आहे की अण्णांसाठी लिंकनचा अल्बम करायचा. लेबर डेच्या सुट्टीत आम्ही स्प्रिंगफील्डला लिंकन म्युझियम बघायला जाणार आहोत, आमच्या ब्लूमिंग्टनपासून आय-५५ हायवेने पासष्ट मैल, म्हणजे तासाभराचं अंतर, आणि इथे सात वर्षं राहून अजून गेलेलो नाही, पाहुणे आले की सगळे शिकागो बघतात. तिथून कार्डं घ्यायची, प्रत्येकाची दोन. एक कोरं अल्बमसाठी, एक लिहून तिकीट लावून साताऱ्याला पोस्टाने. दिवाळीला अल्बम अण्णांच्या हातात.

कार्डंच का तर अण्णांकडे बुटाच्या खोक्यात १९७० पासूनची कार्डं आहेत, सालवार, रबर लावून, आत्याचं बाळंतपण, बैल विकला, मामाची बदली, सगळं त्यात. व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला की "छान" एवढंच येतं. कार्ड गेलं की चष्मा शोधला जातो, मनात वाचून होतं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवतात, मग आई म्हणते द्या इकडे, तुम्ही मधलं गाळता.

आज फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र असेल तिथं, त्याचं कार्ड मिळालं तर बघ." कुठलं पत्र ते मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला सांगायला नको, लिंकननी मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी त्याच्या हेडमास्तरांना लिहिलं म्हणतात ते. अण्णा हेडमास्तर होते तेव्हा त्यांच्या ऑफिसात घड्याळाखाली त्याची फ्रेम होती, अजून आहे, आणि दर ५ सप्टेंबरला कुणीतरी पोरगं ते पाठ म्हणायचं. एका वर्षी ते पोरगं मी होते आणि मध्येच विसरले होते.

म्हटलं बघते, असेलच.

३१ ऑगस्ट, शनिवार

म्युझियम झालं. पाय दुखतायत पण आजच लिहिते, उद्या विसरेन.

आधी एक गोष्ट जी मला माहीत नव्हती. अमेरिकेत "प्रेसिडेन्शियल लायब्ररी" म्हणतात ती बहुतेक केंद्र सरकारच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे असतात, पण ती हूवर साहेबांपासून (एकतिसावे अध्यक्ष) पुढची. लिंकन सोळावे, त्यामुळे हे म्युझियम इलिनॉय राज्याचं. आणि लिंकन गेले १८६५ ला, म्युझियम उघडलं एप्रिल २००५ मध्ये. एकशे चाळीस वर्षं. आपल्याकडे स्मारकाला उशीर झाला म्हणून आपण उगाच ओरडतो.

आत शिरल्यावर मोठा चौक, तिथे लिंकन, बायको आणि तीन मुलं उभी आहेत, खऱ्या मापाचे पुतळे, मागे व्हाइट हाउसचा दर्शनी भाग. आणि तिथेच खांबाला टेकून एक देखणा मिशीवाला माणूस. आमच्या चिरंजीवांनी (वय नऊ) त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला, दोन बोटं वर करून, आणि नंतर पाटी वाचली तर तो जॉन विल्क्स बूथ, लिंकनना गोळी घालणारा. फोटो डिलीट करू नको म्हणाला. केला नाही.

एका बाजूला लाकडी झोपडी, आत चुलीच्या उजेडात वाचत बसलेलं पोर. तिथून पुढे दुकान, वकिली, निवडणूक. दुसऱ्या बाजूला व्हाइट हाउसची वर्षं. त्यात एका खोलीत त्यांचा मुलगा विली आजारी पडलेला, आईबाप उशाशी, आणि खालच्या मजल्यावर पार्टी चालू असल्याचा आवाज येत राहतो. तो ११ वर्षांचा पोरगा फेब्रुवारी १८६२ मध्ये गेला. मी तिथे जास्त थांबू शकले नाही. पुढे यादवी युद्ध चार मिनिटांत दाखवतात, नकाशावर एका सेकंदाला एक आठवडा, लाल आणि निळ्याची रेघ मागेपुढे सरकते आणि कोपऱ्यात मेलेल्या-जखमींचा आकडा पळत असतो. नवरा नकाशा बघत होता, मी नुसता आकडा बघत होते.

आता कामाचं. दुकानात फिरता स्टॅंड. अकरा प्रकारची कार्डं घेतली, प्रत्येकी दोन, म्हणजे बावीस. बूथचं असतं तर चिरंजीव हट्टाला पेटला असता, नशीब. घेताना एकेक कार्ड उलटं करून बघितलं, कारण हल्ली काही कार्डांची मागची बाजूही चकचकीत असते, त्यावर शाईचं पेन फराटतं आणि अण्णांकडे पोचेपर्यंत नुसता डाग उरतो. तीन त्या कारणाने परत ठेवली, त्यातलं एक फार सुंदर होतं.

आणि पत्र. स्टॅंडवर नाही, पोस्टरमध्ये नाही, पुस्तकांच्या फळीवर नाही. शेवटी चौकात एक पांढऱ्या केसांच्या व्हॉलंटियर आजी होत्या त्यांना विचारलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि इतक्या सांभाळून बोलल्या की माझ्या लक्षात आलं हा प्रश्न त्यांना नवीन नाही. म्हणाल्या, "तुम्ही भारतातल्या का?" आणि मग सांगितलं की लिंकननी असं पत्र लिहिल्याचा काही पुरावा नाही. त्यांचा पत्रव्यवहार, भाषणं, चिठ्ठ्याचपाट्या १९५३ मध्ये खंडांमध्ये छापल्या गेल्या, त्यात ते नाही, आणि त्यानंतर ह्याच लायब्ररीतून सगळे कागद डिजिटल करायचं काम चाललंय, त्यातही नाही.

मी "ओह ओके, थॅंक यू" म्हणाले आणि बाकावर बसले. नवरा म्हणाला चेहरा का पडलाय, पाकीट हरवलं का.

विचार केला तर पत्ताही जुळत नाही. लिंकन अध्यक्ष असताना थोरला रॉबर्ट हार्वर्डला होता आणि धाकट्या दोघांना शिकवायला मास्तर घरी यायचे. शाळेच्या पहिल्या दिवसाचं पत्र लिहायचं कुणाच्या हेडमास्तरांना? इतकी वर्षं पाठ म्हटलं, हा प्रश्न एकदाही पडला नाही.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळी लिंकनचं घर. हे नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे, आत जायला पैसे नाहीत, नुसतं वेळेचं तिकीट घ्यायचं. १८४४ मध्ये घेतलेलं, त्यांच्या मालकीचं आयुष्यातलं एकमेव घर, आणि १८६१ ला वॉशिंग्टनला गेले ते गेलेच. रॉबर्टने १८८७ मध्ये ते राज्याला दिलं तेव्हा अट घातली होती, नीट सांभाळा आणि लोकांना फुकट बघू द्या. अट अजून पाळतायत. जिन्याचा कठडा धरायला परवानगी आहे, गाइड म्हणाली की घरातली एवढी एकच वस्तू आहे जी त्यांनी धरली आणि तुम्हीही धरू शकता. चिरंजीव तीनदा वर-खाली करायला बघत होता, मागे लाइन.

दुपारी ओक रिज स्मशानात समाधी. बाहेर लिंकनचं काशाचं मोठं डोकं, नाक लोकांनी घासून घासून सोन्यासारखं चमकवलंय, नशीब उघडतं म्हणे. आपल्याकडे नंदीच्या शिंगांमधून बघतात तसंच, माणसाला काहीतरी हात लावायला लागतंच. पोराला उचलून धरलं.

कार्डं इथे दोन मिळाली, घराजवळ चार. एकूण १७ प्रकार.

गडबड: मला स्प्रिंगफील्डचा शिक्का हवा होता. आज रविवार, उद्या लेबर डे, पोस्ट बंद. पेटीत टाकता आली असती पण मग शिक्का मशीनचा, कुठल्या सेंटरला बसेल काय माहीत, बसतो तो पण लाटालाटांचा. मला काउंटरवर हाताने मारलेला गोल शिक्का पाहिजे, तारीख आणि गाव वाचता येईल असा. म्हणजे परत यायचं. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. अण्णांना फोन केला. शाळेत बोलावलं होतं, हार घातला, आणि यंदाही सातवीतल्या मुलीने ते पत्र म्हटलं, "एक अक्षर चुकली नाही बघ" म्हणाले (हे मला होतं). मग, "मिळालं का कार्ड?"

मी म्हटलं, अण्णा अजून सगळी कार्डं लावायची आहेत. हे खोटं नाही. पण खरंही नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, काम बंद. आज दीड दिवसाचं विसर्जन बादलीत करून दुपारी जुन्या वस्तूंच्या मॉलमध्ये गेलो, रूट ६६ वर असे बरेच आहेत, आणि इथे दिवस कसा गेला कळलं नाही. एका गाळ्यात चपलांच्या खोक्यांतून जुनी पोस्टकार्डं, राज्यवार चिठ्ठ्या लावून. इलिनॉयच्या खोक्यात लिंकनच लिंकन.

सहा घेतली. त्यातलं एक इथे नीट लिहून ठेवते कारण अण्णांना असंच सगळं सांगायचंय. समाधीचं चित्र, आकाश इतकं निळं की खोटंच, कागदावर बोट फिरवलं तर कापडासारखी वीण लागते. ह्याला लिनन कार्ड म्हणतात, कापड नसतं, कागदावरच तसा दाब दिलेला असतो, त्यामुळे शाई लवकर वाळायची आणि भडक रंग छापता यायचे. १९३० नंतरची ही फॅशन. छापलंय शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीने, एके काळी पोस्टकार्डं छापणाऱ्यांत जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, १८९८ ला सुरू झाली आणि १९७८ ला बंद. गंमत म्हणजे त्यांचा नंबर वाचता आला की साल कळतं. आधी एक आकडा, मग एक अक्षर. ए म्हणजे तीसचं दशक, बी म्हणजे चाळीस, सी म्हणजे पन्नास. आकडा त्या दशकातलं वर्ष. माझ्या कार्डावर बारीक अक्षरात "५ए-एच" आणि पुढे नंबर, म्हणजे १९३५. हे कळल्यावर मी गाळ्यातली सगळी कार्डं भिंगातून बघत सुटले, नवरा बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला, परत जाऊन अजून एक पिऊन आला.

नंबर नसेल तर बाकीच्या खुणा. मागची बाजू मधल्या रेघेने विभागलेली नसेल तर १९०७ च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या १ मार्चपर्यंत मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला कोंबायचा. प्रकाशकाच्या पत्त्यात झिप कोड (इथला पिनकोड) असेल तर १९६३ च्या नंतरचं. एक कार्ड १९०९ चं निघालं, लिंकनच्या जन्मशताब्दीचं, उठावाचं छापलेलं, झेंडा आणि गरुड, एक कोपरा मोडलेला म्हणून स्वस्त.

समाधीच्या कार्डामागे मजकूर आहे, एक सेंटचं हिरवं तिकीट आहे. कुणीतरी घरी लिहिलंय की पोचलो, ऊन फार आहे, उद्या निघू, सगळ्यांना आठवण. नाव वगैरे मी इथे उतरवत नाही. पण हे तर अण्णांच्या खोक्यातलंच कार्ड की, फक्त "पत्र लिहिण्यास कारण की" तेवढं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

स्प्रिंगफील्ड, दुसरी वारी. एकटी गेले.

त्याआधी काल रात्रीचा घोळ. सात कार्डं लिहून झाली, क्रमांक टाकले १ ते ७, आणि तिकिटं लावायचं काम चिरंजीवाला दिलं. त्याने सातही कार्डांवर पोस्टकार्डाचं तिकीट लावलं, होडीचं चित्र असलेलं, सरळ, कोपऱ्यात, एकदम नीट. पण ते देशातलं, ५६ सेंटचं. भारतात जायला १ डॉलर ६५ सेंट लागतात. तिकिटं चिकट, काढायला गेलं तर कार्डाचा पापुद्रा निघतो (एकावर करून बघितलं, निघाला). मग हिशेब केला, ५६ त्रिक १६८. तीन सेंट जास्त. म्हणजे प्रत्येकावर अजून दोन होड्या, आणि त्या लावायला मजकुराच्या वरच्या दोन ओळी झाकल्या गेल्या. चौथ्या कार्डावर "ती. अण्णा व सौ. आईस सा. न." वरच होड्या गेल्यात. न्या आता होड्यांतून नमस्कार.

काउंटरवर शनिवारी थोडा वेळ माणूस असतो. मी म्हटलं हाताने शिक्का मारून द्याल का, आणि तो माणूस खूश झाला, म्हणाला हल्ली कोणी मागत नाही. शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा दाबून आधी रद्दी कागदावर मारून बघितला, मग एकेक होडी नीट मध्यावर. एकवीस होड्या. सातव्या कार्डावर शाई फिकी आली तर "सॉरी मॅम" म्हणाला. मला आमच्या गावच्या पोस्टातला तो धाडधाड आवाज आठवला.

२२ सप्टेंबर, रविवार

स्कॅनिंग. कंटाळवाणं पण करून ठेवते. ६०० डीपीआय, टिफ फाइल, दोन्ही बाजू. नवी कार्डं पटापट झाली. छापील जुन्या कार्डांवर ठिपक्यांमुळे स्क्रीनवर चट्टेपट्टे येतात, स्कॅनरमध्ये डिस्क्रीन म्हणून खूण आहे ती चालू केली की जातात, पण मग चित्र थोडं मऊ होतं, म्हणून दोन्ही प्रती ठेवल्या. पातळ कार्डामागे काळा कागद ठेवायचा, नाहीतर मागची शाई पुढे दिसते. सबंध दुपार गेली.

अल्बमची पाकिटं पण बदलली. ऑनलाइन स्वस्त पडली म्हणून घेतलेली उघडली तर नव्या शॉवर-कर्टनचा वास. असा वास म्हणजे पीव्हीसी, काही वर्षांत घाम सुटतो आणि शाई प्लास्टिकला चिकटते. परत केली. पॉलिप्रॉपिलीनची मागवली, वास नाही, आवाज करकरीत. आणि कार्डाच्या मागे काही लिहायचं तर फक्त मऊ पेन्सिल, तेही हलक्या हाताने.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज खरं काम झालं असं वाटतंय.

ते पत्र नाही तर दुसरं कुठलं, हे आठवडाभर डोक्यात होतं. अण्णांना नुसतं "ते खोटं आहे" सांगायचं माझ्या जिवावर आलंय, रिकाम्या हाताने कसं सांगू. आधी आमच्या गावचंच एक सापडलं. ब्लूमिंग्टनचे विल्यम मॅकलॉ, कोर्टातले जुने ओळखीचे, डिसेंबर १८६२ मध्ये युद्धात गेले, त्यांची मुलगी फॅनी हाय खाऊन बसली, तर लिंकननी ऐन युद्धात वेळ काढून तिला सांत्वनाचं पत्र लिहिलं. म्हणजे आम्ही जिथे भाजी घ्यायला जातो त्या गावात ते पत्र आलं होतं. पण दिवाळीला दुखवट्याचं पत्र कसं पाठवायचं.

मग लेथमचं सापडलं आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं, भाजी लागली.

गोष्ट अशी. रॉबर्ट लिंकन १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. पंधरा! हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर आमचा अर्धा वर्ग लिंकनभक्त झाला असता. मग एक वर्ष दुसऱ्या शाळेत तयारी करून १८६० ला पास झाला. त्याचा स्प्रिंगफील्डचा मित्र जॉर्ज लेथम त्या वर्षी बसला आणि नापास झाला. तेव्हा लिंकन अध्यक्षपदाचे उमेदवार होते, देश फुटायला आलेला, दारात माणसांची रीघ, आणि २२ जुलै १८६० ला त्यांनी मुलाच्या नापास मित्राला पत्र लिहिलं. छोटं आहे. काल बॉबच्या (म्हणजे रॉबर्टच्या) पत्रातून कळलं, आयुष्यात इतकं वाईट क्वचित वाटलं. पण खचला नाहीस तर त्यात फार काही नाही. तू तिथे प्रवेश घेऊ शकतोस आणि पदवीही मिळवू शकतोस. आणि आता एकदा हात घातलास तर यश मिळवलं पाहिजे. हे तात्पुरतं अपयश आहे, ज्यांना सहज प्रवेश मिळाला त्यांच्यापेक्षा तू पुढे जाणार नाहीस असं ह्यातून काही सिद्ध होत नाही.

त्यात उपदेशाची यादी नाही, फुलपाखरं नाहीत, कविता नाही. नापास पोराला हेडमास्तर जसा व्हरांड्यात बाजूला घेऊन बोलेल तसं आहे.

मराठी करायला बसले. सगळं जमलं पण एक वाक्य अडलं. ते म्हणतात यश मिळवलं "मस्ट", आणि लगेच पुढे, मस्ट हाच तो शब्द. आता ह्या मस्टचं काय करू? "आवश्यक" म्हणजे सरकारी अर्ज. शेवटी लिहिलं: "तुला यशस्वी व्हावे लागेल. 'लागेल' हाच तो शब्द." बरं नाहीये. रात्रीचे साडेबारा, राहू दे.

३० सप्टेंबर, सोमवार

कार्ड ८ आणि ९ टाकली. आठव्यावर बारीक अक्षरात लेथमचं पत्र, समोर झोपडीत वाचणाऱ्या पोराचं चित्र. नवव्यावर खरं काय ते: अण्णा, तुमच्या फ्रेममधलं पत्र लिंकनचं आहे असा पुरावा नाही, इथे विचारून खात्री केली, रागावू नका, खरं पत्र आठव्या कार्डावर आहे. आणि म्युझियमच्या टोपीची गोष्टही लिहिली, जागा होती तेवढ्यात. त्यांच्याकडे लिंकनची म्हणून एक उंच टोपी होती, २००७ मध्ये एका खासगी संग्रहाबरोबर घेतली गेली, पण ती खरंच लिंकनची का ह्यावर नंतर वाद झाला, आणि २०१९ च्या अहवालात निघालं की तसं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे फसलेले आपण एकटे नाही, असं मला सुचवायचं होतं.

पत्र स्प्रिंगफील्डहून लिहिलेलं म्हणून शिक्काही तिथलाच घ्यावा असं मनात आलं होतं, नवऱ्याने नुसतं बघितलं. ब्लूमिंग्टनच्या काउंटरवर मारून घेतला. ह्या वेळी तिकिटं मी लावली, गोल, परदेशी टपालाची, एकेकच.

६ ऑक्टोबर, रविवार

पहिलं कार्ड पोचलं, आणि पहिलं म्हणजे क्रमांक ३. आईचा फोन, "बाकीची कुठायत, अण्णा विचारतायत मध्ये काय गाळलंस." परवा २ आणि ५ आली. एकाच दिवशी, एकाच काउंटरवर, एकाच माणसाच्या हातून गेलेली कार्डं अशी सुटी सुटी का पोचतात देव जाणे. होड्या बघून पोस्टमनने विचारलं म्हणे, मुलगी समुद्राकाठी असते का.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. अल्बमची पाकिटं भरून झाली. नवी १७, जुनी ६, दोन्ही वाऱ्यांची पार्किंगची पावती, म्युझियमचं तिकीट, चिरंजीवाचा बूथबरोबरचा फोटो (मी नको म्हणत होते). पान १४ अर्धं रिकामं, काय लावायचं ठरत नाही.

पुढच्या शनिवारी ऑफिसातली मैत्रीण पुण्याला निघालीय, तिच्या बॅगेत अल्बम. वजन केलं, दीड किलो, तिने तोंड वाकडं केलं नाही. तिच्यासाठी चकल्या.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जे व्हायला नको होतं तेच झालं. ९ नंबर पोचलं. ८ नाही.

म्हणजे अण्णांना खोटं काय ते कळलं, खरं काय ते अजून विमानात नाहीतर मुंबईच्या कुठल्यातरी थैलीत. सकाळी कामावर निघताना फोन आला. पहिल्यांदा जेवलीस का, थंडी पडली का, आणि मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी ते पोरांकडून म्हणवून घेतलं." मी म्हटलं अण्णा, शब्द काही वाईट नाहीत ना त्यातले. तर म्हणाले, "शब्दांचं नाही म्हणत मी. खाली नाव कुणाचं लिहिलं, त्याचं म्हणतोय. पोरांनी कॉपी केली तर मी उठाबशा काढायला लावत होतो."

ह्यावर मी काय बोलणार. आठव्या कार्डावरचं पत्र फोनवर वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाले, येईल तेव्हा वाचू.

संध्याकाळी आईने सांगितलं, दुपारी छत्री घेऊन शाळेत गेले होते, ऑफिसात फ्रेमखाली उभे राहिले, चहा न घेता परत आले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

अल्बम पोचला. आईचा मेसेज, हार्ट. अण्णांचा मेसेज, "पोचला. बघत आहे." टाइक कंपनीचा नंबर कसा वाचायचा ते मी पेन्सिलीने लिहिलेलं, तर त्यांनी भिंग घेऊन सहाही कार्डं तपासली आणि एकाचं साल मी चुकवलंय असं कळवलं. बरोबर आहे त्यांचं. बी ला मी आठ वाचलं होतं.

८ अजून नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. ८ आलं, परवा, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी.

व्हॉट्सॅपवर फोटो आला आणि मला आधी कळलंच नाही काय आहे, मला वाटलं पोस्टात शाई सांडली. तर ते लाल पेन. अण्णांनी माझं कार्ड तपासलंय. "तात्पूरतं" मधला पू ऱ्हस्व करून. "पुढे" आणि "जाणार" ह्यांच्यामध्ये शब्द राहिलाय तिथे काकपद घालून. चिरंजीवाने खाली "आजोबा दिवाळिच्या शुभेच्छा" लिहिलं होतं त्यातली ळि दीर्घ करून, वर शेरा, "अक्षर सुधारत आहे." आणि मी अडले होते ते वाक्य पूर्ण खोडून वर त्यांच्या त्या उभट अक्षरात:

"तुला यश मिळवायचंच. 'च' हा तो शब्द."

मी ते चार-पाच वेळा वाचलं. मी दोन रात्री शब्दकोश उलटेपालटे केले आणि ते एका अक्षरात बसलं, तेही रोज तोंडात असलेल्या.

गुण पण दिलेत. नातवाला दहापैकी सात, मला साडेसहा.

फोन केला तर फ्रेमचं आपणहून काही बोलले नाहीत, मीच विचारलं. म्हणाले, आहे तिथेच आहे, खाली नाव होतं त्यावर पट्टी चिकटवली, "लेखक अज्ञात", स्वतः गेलो डिंकाची बाटली घेऊन. आताच्या हेडमास्तरांना ते पटलेलं नाही, सर राहू द्या म्हणत होते, पोरं गोंधळतील. अण्णा म्हणाले, गोंधळू देत. आणि मग लगेच, लेथमचं पुढे काय झालं, हार्वर्डला गेला का तो? मला ते बघावं लागेल म्हटलं. "बघ," म्हणाले, "आणि कळव. कार्डावर."

आता कामाचं: लाल शाईचं ते ८ नंबर मला परत पाहिजे, स्कॅन करायला आणि पान १४ वर लावायला. चुलतभाऊ डिसेंबरात येतोय, त्याच्याबरोबर पाठवा म्हटलं तर अण्णा म्हणतात मूळ कागद मी सोडत नसतो, रंगीत झेरॉक्स घे. आईला सांगून बघते. पान १४ ला दोन्ही बाजू दिसतील असं पाकीट लागेल, साधी संपलीत, दहाचा एक पुडा मागवायचा.